दिसणारे आणि न दिसणारे : दंतचिकित्सालयाची उपकरण-खरेदी

आपल्या मंडळातील पहिल्या पिढीचे डॉक्टर खानदेशातून, विदर्भातून वा पुण्या-मुंबईहून सुरतेत आले, ते बहुधा एक पदवी-प्रमाणपत्र आणि एक स्टेथोस्कोप घेऊन. भाड्याची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पडद्याआड तपासणीचा बाक एवढ्या सामग्रीवर अनेकांची प्रॅक्टिस सुरू झाली व पुढे नावारूपाला आली. दंतवैद्यकाला ही सवलत कधीच नव्हती. खुर्ची, यंत्र, हवा, पाणी आणि वीज या पाचांची जुळणी झाल्याखेरीज त्याला दात कोरायला हात घालता येत नाही. रुग्ण येण्याआधीच लाखो रुपये जमिनीत, भिंतीत आणि यंत्रांत गुंतलेले असतात.

आता मंडळाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील कितीतरी मुले-मुली बी.डी.एस., एम.डी.एस. होऊन सुरतेतच स्थिरावू पाहत आहेत. इंटर्नशिप संपली की एखादा पालक दूरध्वनी करतो आणि संध्याकाळी मुलाला वा मुलीला घेऊन घरी येतो. ‘काका, चेअर कोणती घेऊ?’ हा प्रश्न ठरलेला असतो. पिशवीत चार-पाच रंगीत माहितीपत्रके असतात आणि चारही विक्रेत्यांनी आपलीच खुर्ची उत्तम असल्याची ग्वाही दिलेली असते. सुमारे चार दशके या शहरात दातांचे काम केल्यावर या प्रश्नाला माझे उत्तर प्रश्नांनीच सुरू होते : त्या खुर्चीवर कोण बसणार? ती बिघडली तर कोण दुरुस्त करणार? आणि तिचा हप्ता कोण फेडणार? या तीन प्रश्नांचा विचार मंडळातील इतर शाखांच्या डॉक्टरांनाही, निदान पालक म्हणून, उपयोगी पडेल अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

पायापासून हवेपर्यंत

दात कोरण्याच्या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली शिलाई यंत्राप्रमाणे पायाने चालवायचे दंतयंत्र आणले आणि जॉर्ज ग्रीन यांनी १८७५ साली विजेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे पट्ट्यावर फिरणारे यंत्र हाच दंतवैद्याचा सोबती होता. खरी क्रांती झाली ती १९५७ साली, जॉन बॉर्डन यांचे हवेच्या दाबावर फिरणारे टर्बाइन बाजारात आले तेव्हा. त्या यंत्राचे व्यापारी नाव होते ‘एअरोटर’. वनस्पती तुपाला जसे आपण ‘डालडा’ म्हणत आलो, तसे आपल्याकडे प्रत्येक दंतवैद्य अशा यंत्राला आजही एअरोटर म्हणतो, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

या यंत्राच्या टोकाशी बसवलेला ‘बर’ मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. बरच्या पोलादावर निकेलच्या थरात हिऱ्याचा बारीक कण रुतवलेला असतो. हिऱ्याचे पैलू पाडणाऱ्या या शहरात ही गोष्ट रुग्णाला समजावून सांगावी लागत नाही. वराछा-कतारगाम भागातला हिरे-कारागीर खुर्चीवर बसला की बर हातात घेऊन, प्रकाशाकडे धरून त्याची कणी न्याहाळतो. घंटीवरची फिरती चकती जराशी डगमगली तर हिऱ्याचे काय होते हे त्याला ठाऊक असते. एअरोटर विकत घेताना आपणही हेच पाहायचे असते. बर बसवून यंत्र चालू करावे, टोक डगमगते का ते पाहावे, बेअरिंगचा आवाज कानाजवळ धरून ऐकावा. डगमगणारा बर दाताला हादरे देतो, निरोगी भाग अकारण कोरतो आणि रुग्णाच्या मनात भीती भरतो. माहितीपत्रकावरचा फेऱ्यांचा आकडा वाचून यातले काहीच कळत नाही.

आधी तोंड पाहावे, मग यंत्र

कोणता रुग्ण येणार, हा पहिला प्रश्न. दवाखाना लिंबायत, उधना, डिंडोली वा पांडेसरा भागात असेल तर येणाऱ्यांत खानदेशातून आलेली, यंत्रमागावर आणि प्रोसेसिंग मिलमध्ये राबणारी मंडळी पुष्कळ असतात. त्यांच्या घरातील वयस्क स्त्रिया मशेरी लावतात. तरुणांच्या खिशात गुजराती पद्धतीचा मावा असतो : सुपारी, तंबाखू आणि चुना. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, परंतु सुपारीची सवय तेवढ्याने सुटली नाही. अशा सवयीने गालाच्या आतील अस्तर ताठर होते, पांढुरके पट्टे जाणवू लागतात आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. या रुग्णांच्या तोंडात कधी दोन, कधी एकच बोट मावते. हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था समजला जातो, हे येथे डॉक्टर वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता या तोंडात आपली उपकरणे जाणार आहेत, याचा विचार करून खरेदी व्हावी. नेहमीच्या आकाराच्या डोक्याचा एअरोटर मागच्या दाढेपर्यंत पोहोचत नाही. लहान मुलांसाठी म्हणून विकला जाणारा छोट्या डोक्याचा एअरोटर येथे मोठ्या माणसांसाठीही निदान एक ठेवावा लागतो. आखूड दांड्याचे बर लागतात. क्ष-किरणांचा डिजिटल सेन्सर जाड आणि कडक असतो. तो अर्धवट उघडणाऱ्या तोंडात बसवताना रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते आणि चित्रही अपुरे मिळते. त्याऐवजी पातळ फॉस्फर प्लेटची पद्धत घेतली तर प्रतिमा दिसायला एक-दोन मिनिटे अधिक लागतात, पण काम होते. सेन्सरच्या जलदपणाची जाहिरात पाहून खरेदी करणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

हाच दवाखाना अडाजण वा वेसू भागात असेल तर गणित बदलते. तेथे दात सरळ करण्यासाठी येणारी शाळकरी मुले, कृत्रिम दंतरोपणाची चौकशी करणारे निवृत्त गृहस्थ आणि वेळेला किंमत देणारे व्यापारी अधिक भेटतात. म्हणून मी प्रत्येक नवोदिताला सुचवतो की, जागा ठरली की तीन-चार महिने त्याच भागातील एखाद्या अनुभवी दंतवैद्याकडे बसावे आणि एका वहीत रोज नोंद करावी : किती रुग्ण आले, त्यांना काय झाले होते, कोणते उपकरण किती वेळा हातात आले. ती वही हेच खरेदीचे पहिले माहितीपत्रक होय.

न दिसणारी यंत्रे

दवाखान्यात शिरणाऱ्याला खुर्ची दिसते, तिच्यावरचा दिवा दिसतो, भिंतीवरचा पडदा दिसतो. निर्जंतुकीकरणाचे यंत्र, कॉम्प्रेसर, सक्शनची मोटार आणि पाण्याच्या नळ्या या चार गोष्टी त्याला दिसत नाहीत. माझ्या मते रुग्णाची सुरक्षितता या चार गोष्टींत असते आणि अंदाजपत्रकाला कात्री लागते तीही नेमकी यांनाच.

सुरतकरांना याचे वेगळे उदाहरण द्यायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने हे शहर हादरले, लाखो माणसे गाव सोडून गेली. त्यानंतर १९९५ साली महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या श्री. एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराचे रूप पालटले, ते रोजच्या कचरा-उठावामुळे, रात्रीच्या सफाईमुळे आणि अधिकाऱ्यांच्या दररोजच्या फेरीमुळे. दवाखान्याचेही असेच असते. कौतुक दर्शनी भागाचे होते, पण तो टिकतो मागच्या खोलीवर.

ऑटोक्लेव्हचे पाहू. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबावर १२१ अंश सेल्सिअस तापमान १५ ते २० मिनिटे राखले की चिमटे, आरसे, दात काढण्याच्या पकडी यांसारखी भरीव उपकरणे निर्जंतुक होतात. एअरोटर मात्र आतून पोकळ असतो. त्याच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर निघाल्याखेरीज वाफ आत शिरत नाही. त्यासाठी आधी निर्वात पोकळी निर्माण करणारा, ‘बी’ वर्गाचा ऑटोक्लेव्ह लागतो. १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत त्याचे काम होते, मात्र निर्वात करणे आणि वाळवणे धरून एक फेरी पाऊण तासाच्या घरात जाते. एअरोटर थांबताना त्याच्या टोकाशी क्षणभर उलटी ओढ निर्माण होते आणि तोंडातील लाळ-रक्ताचा अंश आत खेचला जाऊ शकतो. बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याने तो निघत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करावा असे स्पष्ट सांगितले, त्याचे हेच कारण आहे.

यातून एक साधा हिशेब निघतो. समजा तासाला दोन रुग्ण पाहिले आणि धुणे, तेल देणे, पाकिटात भरणे व ऑटोक्लेव्हची फेरी मिळून दीड तास लागला. त्या दीड तासात तीन रुग्ण होतात आणि त्यांपैकी दोघांना एअरोटर लागतो असे धरू. दोन एअरोटर यंत्रात असताना दोन हाताशी हवेत आणि एक बिघाडासाठी राखून ठेवायला हवा. म्हणजे किमान पाच. एक महागडा एअरोटर घेऊन तोच दिवसभर पुसून वापरणे आणि मध्यम किमतीचे पाच घेऊन प्रत्येकाला निर्जंतुक करणे, यांत मी नेहमी पाचांचीच शिफारस करतो. ऑटोक्लेव्ह नीट काम करतो की नाही हे त्याच्या तबकडीवरून कळत नाही. दर आठवड्याला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी-पट्टी आत ठेवून ती तपासावी लागते. तिचा खर्चही अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा.

पाण्याचा विषय असाच उपेक्षित आहे. खुर्चीतील बारीक नळ्यांत पाणी रात्रभर साचते आणि आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरते. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या एका महिलेचा लिजिओनेअर्स रोगाने मृत्यू झाला आणि संसर्गाचा माग दंतवैद्याच्या खुर्चीतील पाण्यापर्यंत पोहोचला. ‘लॅन्सेट’ने २०१२ साली ही घटना प्रसिद्ध केली. आपल्या देशातही, तामिळनाडूतील तिरुपत्तूर जिल्ह्यात २०२३ साली मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या मेलिऑयडोसिसचे काही रुग्ण दगावले. त्यांतील अनेकांचा संबंध एका दंतचिकित्सालयाशी आढळला आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने सलाइनच्या उघड्या बाटलीकडे व ती उघडण्यासाठी वापरलेल्या उपकरणाकडे बोट दाखवले. बाटलीची किंमत काय आणि तिच्यामुळे गेलेल्या जिवांची काय!

म्हणून खुर्ची घेताना तिला स्वतंत्र पाण्याची बाटली लावण्याची सोय आहे का आणि पाणी उलटे खेचले जाऊ नये म्हणून झडप आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. बोअरचे पाणी थेट खुर्चीला जोडू नये. क्षारांनी एअरोटरची बारीक छिद्रे बुजतात आणि ऑटोक्लेव्हच्या आत पांढरा थर धरतो. शुद्ध केलेले पाणी बाटलीत, उर्ध्वपातित पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद नळ्यांतून पाणी वाहू देणे, हा शिरस्ता सहायकाला पहिल्या दिवशीच घालून द्यावा.

कॉम्प्रेसर तेलविरहित घ्यावा. तेलाचा सूक्ष्म अंश हवेत मिसळला तर दाताला चिकटवायचे मिश्रण नीट चिकटत नाही, आणि भरलेले दात वर्षभरात निघू लागले की दोष मिश्रणाच्या कंपनीला दिला जातो. सुरतेची हवा समुद्रसान्निध्यामुळे दमट आहे. पावसाळ्यात टाकीत पाणी साचते. ते रोज संध्याकाळी सोडून द्यावे आणि हवा कोरडी करणारा गाळ खरेदीच्या वेळीच बसवून घ्यावा. शेजारी यंत्रमागाचे कारखाने असतील तर विजेच्या दाबाची चौकशी करून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा.

खुर्ची, स्टूल आणि दिवा

एवढे झाल्यावर खुर्चीकडे वळावे. भारतीय बनावटीच्या साध्या खुर्चीपासून परदेशी खुर्चीपर्यंत किमतीत कित्येक पटींचे अंतर असते. खुर्ची रंगावरून वा गादीच्या शिलाईवरून निवडू नये. तिच्यावर स्वतः अर्धा तास आडवे पडून पाहावे. ती पुरेशी खाली येते का, म्हणजे गुडघेदुखीच्या आजींना चढता येईल का? डोक्याचा आधार लहान मुलाला आणि उंच माणसाला सारखाच जुळतो का? मध्येच वीज गेली तर रुग्ण आडवाच अडकून पडेल का? पायाने चालवायची कळ साडीच्या वा सलवारच्या कडेत अडकते का? दवाखान्यात दिवसाचे आठ तास हेच प्रश्न पडणार आहेत.

रुग्णाच्या खुर्चीवर लाखो खर्च करणारे आपल्या बसण्याच्या स्टुलाला मात्र खुर्चीबरोबर ‘फुकट’ मिळालेल्या स्टुलावर भागवतात. मान आणि कंबर यांच्या दुखण्याने अकाली हात आखडता घेतलेले माझ्या पिढीतील दंतवैद्य थोडे नाहीत. कमरेला आधार देणारे, उंची नीट बदलणारे स्टूल आणि डोळ्यांवर लावायचे भिंग या दोन गोष्टी कर्ज काढून घेतल्या तरी चालतील, असे मी म्हणतो. भिंगाचे महत्त्व हिरेबाजारातील पालकांना पटवावे लागत नाही.

क्ष-किरण यंत्राबाबत कायद्याची बाजू आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेल्या नमुन्याचेच यंत्र घ्यावे लागते आणि मंडळाच्या ‘ई-लोरा’ या प्रणालीवर त्याची नोंदणी करावी लागते. ‘नोंदणीचे आम्ही पाहून घेऊ’ असे विक्रेता तोंडी सांगतो. नोंदणीचा कागद हाती पडेपर्यंत शेवटचा धनादेश देऊ नये. जबड्याचे त्रिमितीय चित्र काढणारे सीबीसीटी यंत्र एकट्या नव्या दवाखान्याने घेण्याचे कारण मला दिसत नाही. शहरात तपासणी केंद्रे आहेत, तेथे चिठ्ठी द्यावी. पारा-चांदीच्या मिश्रणाचे यंत्रही आता नव्याने घेण्यात अर्थ नाही. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिलेली आहे आणि जगाचा कल पारा सोडण्याकडे आहे.

हप्ता कोण फेडणार?

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. उदाहरणादाखल दोन कर्जे घेऊ. पंधरा लाखांचे कर्ज, दरसाल ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत : मासिक हप्ता सुमारे ३२,६०० रुपये. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर दिवसाला सुमारे १,३०० रुपये. सहा लाखांचे कर्ज याच अटींवर घेतले तर हप्ता सुमारे १३,००० रुपये आणि दिवसाला सुमारे ५२० रुपये. भाडे, वीज, सहायकाचा पगार आणि साहित्य यांचा खर्च यावर वेगळा.

नव्या दवाखान्यात पहिल्या वर्षी दिवसाला तीन-चार रुग्ण आले तरी पुष्कळ. अशा वेळी ज्याच्या डोक्यावर रोजचे १,३०० रुपये आहेत त्याच्यापुढे किंचित काळसर डाग असलेली दाढ घेऊन एखादा रुग्ण बसतो. डाग तसाच ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे, हा शास्त्रशुद्ध सल्ला असतो. भरून घ्या, हा दुसरा सल्ला असतो. रूट कॅनल करून वर टोपी बसवा, हा तिसरा. तिसरा सल्ला देणारा प्रत्येक जण अप्रामाणिक असतो असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु हप्त्याची तारीख जवळ आली की डाग अधिक काळा दिसू लागतो, हे मानवी आहे. महागडे लेसर यंत्र वा स्कॅनर घेतला की त्याचा वापर वाढवण्याची निकडही सोबत येते. विक्रेते तर ‘महिन्याला एवढ्या केसेस केल्या की यंत्र फुकट पडते’ असा हिशेब मांडून दाखवतात. त्या हिशेबातील केसेस म्हणजे माणसे असतात आणि त्यांच्यातील काहींना त्या उपचाराची गरज नसते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, मुलाला वा मुलीला कर्जमुक्त नव्हे तरी कर्जहलका दवाखाना उभारून द्या. पहिल्या वर्षी एकच खुर्ची पुरते. मात्र दुसऱ्या खुर्चीसाठी पाणी, हवा, निचरा आणि वीज यांच्या नळ्या फरशी बसवण्याआधीच टाकून ठेवाव्यात आणि सिमेंट ओतण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. नंतर फरशी फोडण्याचा खर्च वाचतो. इम्प्लांटची मोटार, लेसर, स्कॅनर ही यंत्रे वहीतल्या नोंदी मागू लागतील तेव्हा घ्यावीत. कराचा मुद्दाही ध्यानात असावा. वैद्यकीय सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने उपकरणांवर भरलेला कर आपल्याला वजावट म्हणून परत मिळत नाही, तो किमतीचाच भाग समजावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय व दंतवैद्यकीय उपकरणांवरील हा दर ५ टक्के झाला आहे. विक्रेत्याचे जुने दरपत्रक असेल तर नव्याने मागून घ्यावे.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

माझ्या तरुणपणी पहाटेची ‘फ्लाइंग राणी’ पकडून मुंबईला जायचे, दिवसभर दुकाने पालथी घालायची आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने खोके मांडीवर घेऊन यायचे, हा आम्हा दंतवैद्यांचा रिवाज होता. विक्रेता ओळखीचा असे. त्याला बिघाड कळवला की पुढच्या फेरीत सुटा भाग मिळे. आज दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनांत, किंवा जर्मनीतील कोलोन येथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनात, शेकडो कंपन्यांचे माल एका छताखाली दिसतात. निवड वाढली, पण विक्रीनंतरचा माणूस दूर गेला. माझ्या परिचयातील एका तरुण दंतवैद्याची नवी खुर्ची दिवाळीच्या तोंडावर बंद पडली आणि दुरुस्तीचा माणूस बाहेरगावाहून यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस त्याने रुग्णांना मित्राच्या दवाखान्यात नेऊन तपासले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. दुरुस्ती करणारा माणूस सुरतेत राहतो का, आणि किती तासांत येईल? हमीच्या काळात कोणते भाग येतात व कोणते वगळले आहेत? एअरोटरचा आतला फिरता भाग आणि दिवा बहुधा वगळलेले असतात. हमी संपल्यावर वार्षिक देखभालीचा दर काय? सुटे भाग किती वर्षे मिळतील? उपकरणावर उत्पादकाचा वा आयातदाराचा परवाना क्रमांक आहे का? २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर आणि एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आल्यानंतर हा प्रश्न विचारणे आपला हक्क आहे. शेवटी, हीच खुर्ची पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या तीन दंतवैद्यांची नावे मागावीत आणि त्यांच्याकडे स्वतः जाऊन यावे. नावे देण्यास टाळाटाळ झाली तर उत्तर मिळाले असे समजावे.

निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठांची उपकरणे घेण्यात कमीपणा मानू नये. मजबूत खुर्ची, कपाटे, पकडी, लोखंडी साहित्य तपासून घेतल्यास वर्षानुवर्षे चालते. जुना ऑटोक्लेव्ह दाबाची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नये, जुने एअरोटर घेऊच नयेत आणि जुने क्ष-किरण यंत्र नोंदणीचे हस्तांतर झाल्याखेरीज दवाखान्यात आणू नये.

आणखी एक गोष्ट सुरतेपुरती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि तापीने शहराचा बहुतांश भाग व्यापला. तळमजल्यावरच्या दवाखान्यांत खुर्च्या, मोटारी, कॉम्प्रेसर दिवसेंदिवस चिखलात राहिले. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर दवाखाना असेल तर कॉम्प्रेसर व विजेची पेटी उंचावर बसवावी आणि विम्याच्या कागदात पुराचा समावेश आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे.

मंडळाकडे एक प्रस्ताव

या लेखाच्या निमित्ताने मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, मंडळातील दंतवैद्यांनी मिळून बीजाणू-चाचणीची सामायिक व्यवस्था करावी. आपल्यातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या मदतीने दर आठवड्याला सर्वांच्या ऑटोक्लेव्हची तपासणी अल्प खर्चात होऊ शकेल. दुसरी, एक ऑटोक्लेव्ह, एक कॉम्प्रेसर आणि दोन-चार एअरोटर मंडळाच्या मालकीचे असावेत. कोणाचे यंत्र बिघडले तर ते चार-आठ दिवस उसने मिळावे, म्हणजे निर्जंतुकीकरणात तडजोड करण्याची वेळ कोणावरही येणार नाही. तिसरी, नव्याने सुरुवात करणाऱ्या सभासदांची खरेदी एकत्र करावी. पाच जणांनी मिळून मागणी नोंदवली तर दर कमी होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीचा माणूस सुरतेत ठेवणे विक्रेत्याला परवडते.

ज्या पालकांनी यंदा आपल्या मुला-मुलींसाठी दवाखान्याची जागा घेतली आहे, त्यांनी माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे अवश्य यावे. येताना शेजारच्या दवाखान्यातील नोंदींची ती वही आणि विक्रेत्यांचे लेखी दरपत्रक एवढे मात्र बरोबर आणावे. सर्व नवोदित दंतवैद्यांना त्यांच्या नव्या कार्यारंभी मनःपूर्वक शुभेच्छा.